परसातला गझिबो: खडूच्या चौकोनापासून शेवटच्या बोल्टापर्यंत

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईचं बाहेर जाणं मागच्या परसापुरतं उरलं. तिथे आम्ही कापडी छताचा एक मांडव उभा केला होता. त्याचं पहिलं कापड दोन वर्षांत उन्हाने विरलं. दुसरं एका वादळी रात्री शिवणीतून फाटलं आणि चारपैकी दोन पाय गुडघ्यात मोडल्यासारखे वाकले. सकाळी दार उघडलं तर सगळा सांगाडा आईच्या खुर्चीवर आडवा पडलेला. त्या खुर्चीकडे बघतानाच माझं ठरलं की आता पक्क्या पत्र्याच्या छताचा गझिबो घ्यायचा आणि तो हलणार नाही अशा रीतीने बसवायचा.

जाहिरातीतल्या चित्रांत सगळे गझिबो सारखेच दिसतात. गडद रंगाचे खांब, वर दोन टप्प्यांचं छत, खाली गाद्या घातलेल्या खुर्च्या. खरा फरक तपशिलाच्या तक्त्यात असतो आणि मी आठ संध्याकाळी त्या तक्त्यांवर घालवल्या. पहिल्यांदा लक्षात आलं ते मापाचं. 12 बाय 10 फूट असं जे लिहितात ते छताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं माप असतं. खांब त्याच्या बरेच आत असतात. आम्हाला पसंत पडलेल्या गझिबोचं छत 366 बाय 305 सेंटिमीटर होतं, पण खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 320 बाय 260. टेबल, खुर्च्या आणि आईचा वॉकर मावायला हवा तो या दुसऱ्या चौकोनात. मी खडूने दोन्ही चौकोन परसात आखले, खुर्च्या मांडल्या आणि आईला म्हटलं, वॉकर घेऊन एक फेरी मार. ती न अडखळता वळली, तेव्हा माप पक्कं केलं.

छत कशाचं घ्यायचं यावर दादाचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक प्लास्टिकमधून उजेड येतो, पत्र्याखाली पूर्ण सावली मिळते. दुपारी आईच्या डोळ्यांवर ऊन येतं, म्हणून मी पत्र्यावर अडून बसले. पत्रा जस्त चढवलेल्या पोलादाचा, त्यावर रंगाचा थर. खांब आणि तुळया अॅल्युमिनियमच्या, पावडर कोटिंग केलेल्या. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज धरत नाही आणि त्याचं वजन पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. उचलायला आम्ही घरचीच माणसं, तेव्हा हा मुद्दा मोठा होता. ज्या तक्त्यात पत्र्याची आणि खांबाच्या नळीची जाडी दिलेली नव्हती तो पर्याय मी तिथल्या तिथे बाजूला ठेवला. दोन टप्प्यांचं छत मात्र मुद्दाम निवडलं. ते शोभेसाठी असतं असं मला आधी वाटायचं. वरचं छोटं छत आणि खालचं मोठं छत यांच्यामध्ये चहूबाजूंनी फट असते, तिच्यातून तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून घुसलेल्या वाऱ्यालाही वाट मिळते.

वाऱ्याचा हिशेब मी कागदावर मांडला, कारण मोडलेला सांगाडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ताशी 90 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 25 मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 39 किलो वजनाइतका भरतो. आमच्या छताचं क्षेत्रफळ 11 चौरस मीटरच्या किंचित वर. हा सगळा दाब खालून वर लागला, तर छत 430 किलोच्या आसपास जोराने उचललं जाणार. छताचा उतार, मधली फट, जवळची भिंत यांमुळे हा आकडा कमीजास्त होतो, पण अंदाज यायला तो पुरेसा होता. गझिबोचं स्वतःचं वजन होतं 190 किलो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एवढी जड वस्तू कुठे उडते, असं आम्हाला दोघातिघांनी सांगितलं होतं. तो कागद पाहिल्यावर दादाही म्हणाला, "पाया केल्याशिवाय सांगाडा उभा करायचा नाही."

पैसे भरण्याआधी दोन चौकश्या केल्या. हद्दीपासून किती अंतर सोडायचं आणि अशा छताला परवानगी लागते का, याचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून ते लेखी विचारून घेतलं. दुसरी चौकशी जमिनीखालून गेलेल्या वाहिन्यांची. सांडपाण्याची नळी आमच्या खडूच्या एका कोपऱ्याखालून जात होती. चौकोन 40 सेंटिमीटर सरकवला. हे खणताना कळलं असतं तर फार महागात पडलं असतं.

चार खोकी आली ती फाटकापाशी उतरवून गाडी निघून गेली. आत नेणं आपलं आपण, हे आधी माहीत असलेलं बरं. सगळ्यात जड खोकं 60 किलोच्या पुढे होतं. मी ते जागेवरच उघडलं आणि त्यातले तुकडे हातोहात आत नेले. मग जुन्या चादरींवर सगळे भाग अक्षरांच्या क्रमाने मांडून पुस्तिकेतल्या यादीशी ताडून पाहिले. भाच्याने स्क्रू आणि बोल्ट मापाप्रमाणे वाट्यांमध्ये वेगळे केले. दोन तास गेले, पण त्यातच छताचा एक तुकडा कडेला दुमडलेला सापडला. लगेच फोटो काढून विक्रेत्याकडे पाठवला. नवा तुकडा यायला अकरा दिवस लागले, त्यात चार वेळा फोन करावा लागला. छत चढवताना शिडीवर उभं राहून हे कळलं असतं, तर उघडं अर्धवट छत तितके दिवस वाऱ्यावर राहिलं असतं. म्हणून सांगते, खोकी आली की त्याच दिवशी मोजा.

आता पाया. आमच्या परसात मातीवर पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. त्या ब्लॉकमध्ये बोल्ट ठोकून भागेल, असं पुस्तिकेतल्या आकृतीवरून वाटत होतं. शेजारचे काका जन्मभर गवंडीकाम केलेले. त्यांनी पायाच्या टाचेने एक ब्लॉक हलवून दाखवला आणि विचारलं, "हा कशाला धरून आहे? वाळूला. मग तुझा खांब कशाला धरणार?" त्यानंतर ते रोज सकाळी येऊन बसत आणि मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे करत गेले.

आधी लाइनदोरी ताणून चौकोन आखला. काटकोनासाठी काकांनी 90, 120 आणि 150 सेंटिमीटरचा त्रिकोण धरायला लावला. एका दोरीवर 90, दुसरीवर 120, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 150 भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात. मग मोठा पडताळा कर्णांचा. 320 बाय 260 च्या चौकोनाचे दोन्ही कर्ण 412.3 सेंटिमीटर भरायला हवेत. आमचे पहिल्यांदा 411 आणि 413.5 आले. खुंट्या सरकवत सरकवत दोन्ही कर्ण मिलिमीटरभराच्या फरकात आणायला पूर्ण सकाळ लागली. मला घाई झाली होती. काका म्हणाले, "इथे सोडलेला एक सूत वर छतावर बोटभर होऊन भेटतो." त्याचा अर्थ मला पुढे नीट कळला.

चार कोपऱ्यांचे ब्लॉक उचलून 45 बाय 45 सेंटिमीटरचे, 60 सेंटिमीटर खोल खड्डे घेतले. ज्या प्रदेशात थंडीत जमीन गोठते तिथे गोठणाऱ्या थराच्याही खाली जावं लागतं, नाहीतर फुगणारी माती पाया वर उचलते. आमच्या जमिनीला एवढी खोली पुरेशी होती. तळाशी खडी ठोकून बसवली आणि वर काँक्रीट भरलं. असा एक ठोकळा साधारण 290 किलोचा होतो, चार मिळून साडेअकराशे किलोंच्या पुढे. कागदावरच्या 430 च्या समोर हा आकडा लिहिला तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

चारही ठोकळ्यांचे माथे एका पातळीत यायला हवेत. तीन मीटर अंतरावर हातातली लेव्हल कामाची नाही. काकांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. नळीचं एक टोक पहिल्या खुंटीला, दुसरं चौथ्या खुंटीला धरलं की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. नळीत बुडबुडा मात्र राहता कामा नये. त्या नळीने खुणा केल्या आणि थापीने माथे त्या खुणांना आणले. ओल्या पोत्यांखाली सात दिवस पाणी मारलं. त्यानंतरही थांबलो, पूर्ण 28 दिवस. खोकी पडवीत पडून होती, भाचा रोज विचारत होता, "आत्या, आज सुरू करायचं?" पण ज्या बोल्टांनी खांब धरायचा ते काँक्रीटच्या भोकात फुगून, आतून बाजूंना रेटा देऊन बसतात. कच्चं काँक्रीट त्या रेट्याने फुटतं. नंतरही या थांबण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

सांगाडा एका दिवसात उभा राहिला. चार खांब, चार तुळया, कोपऱ्यांचे आधार. प्रत्येक बोल्ट फक्त हाताने जितका वळेल तितकाच वळवायचा, पाना लावायचा नाही, असा नियम आम्ही केला होता. तुळयांची भोकं गोल नसून लांबट का असतात हेही या वेळी समजलं. 3.2 मीटरची अॅल्युमिनियमची तुळई 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिलिमीटर लांब होते. तिला तेवढी मोकळीक लागते. खांब ओळंब्यात आणले, तुळयांवर पुन्हा कर्ण मोजले, मगच खांबांच्या तळपट्ट्यांमधून काँक्रीटमध्ये 10 मिलिमीटरची भोकं पाडली. भोकातली भुकटी हातपंपाने फुंकून आणि ब्रशने काढून टाकणं फार महत्त्वाचं. भुकटी राहिली की बोल्टाची पकड काँक्रीटवर न बसता धुळीवर बसते. तळपट्टीखाली रबराची जाड पट्टी घातली, कारण ओल्या काँक्रीटमधला क्षार अॅल्युमिनियम खातो. बोल्ट आवळले आणि काकांनी पांढऱ्या रंगाने प्रत्येक नटावरून तळपट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. ही युक्ती पुस्तिकेत नव्हती. माझ्या मते ती त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवी.

छताला दोन दिवस लागले आणि चूकही तिथेच झाली. चारी कोपऱ्यांतून निघालेले तिरपे वासे मधोमध एका चौकोनी कड्यात येऊन मिळतात. ते कडं अधांतरी धरायचं आणि चारही वासे एकाच वेळी जोडायचे. त्यासाठी चार माणसं हवीतच, दोघांत हे काम करू नये. दादा आणि वहिनी दोन शिड्यांवर, मी मधल्या घडीच्या शिडीवर, भाचा खालून टेकू देत. कडं बसलं, वासे सुंदर दिसायला लागले, आणि सांगाडा इतका गुण्यात आहे या आनंदात मी वाशांचे सगळे बोल्ट पान्याने पूर्ण आवळून टाकले.

दुसऱ्या दिवशी पत्रे चढवायला घेतले. पत्र्यावरची संरक्षक फिल्म सावलीतच, चढवण्याआधी सोलली. ऊन लागल्यावर ती चिकटून बसते आणि तुकड्या तुकड्यांनी निघते. जाड हातमोजे प्रत्येकाने घातले होते, कारण पत्र्याची कड सुरीसारखी असते. छताची तीन पाखी, म्हणजे तीन बाजूंचे उतार, भराभर झाली. चौथ्या पाख्याचा शेवटचा पत्रा, तोच जो बदलून आला होता, भोकांशी जुळेना. 6 मिलिमीटर कमी पडत होते. मला वाटलं नवा तुकडाच चुकीचा आला. विक्रेत्याला फोन लावायला खाली उतरले तेव्हा दादा म्हणाला, "आधी जुन्या पत्र्याने बघू." तोही जुळेना. मग दोष तुकड्यात नव्हता.

कर्ण मोजले. खाली तळपट्ट्यांशी चोख, वर तुळयांशीही चोख, पण मधलं कडं वाशांच्या रेषेतून किंचित पिळलेलं. प्रत्येक वासा आवळताना तो जरासा आपल्या बाजूला ओढला गेला होता आणि चार ओढींची बेरीज चौथ्या पाख्यात गोळा झाली होती. तीन पाखी ढिली केली, वाशांचे सोळा बोल्ट सोडले. त्यातल्या दोघांत आणखी अडचण आली. अॅल्युमिनियमच्या नळीत बसवलेला नट बोल्टाबरोबर आतल्या आत गरगर फिरायला लागला, बोल्ट ना आत जाई ना बाहेर येई. नटाच्या कॉलरखाली चपट्या पेचकसाचं टोक रेटून धरलं, तेव्हा एक सुटला. दुसरा कापावा लागला आणि त्या जागी आरपार लांब स्टेनलेस बोल्ट टाकला. त्यानंतर कडं हाताने फिरवून सरळ केलं, चारही पाख्यांचे सगळे पत्रे सैलसर अडकवले, आणि शेवटचं भोक जुळल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आलटून पालटून थोडं थोडं आवळत गेलो. वहिनीने या वेळी माझ्या हातातला पाना काढून घेतला होता, आणि ते योग्यच होतं.

पत्र्याच्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतं. ते इतकंच दाबायचं की कडेने जरासं फुगलेलं दिसेल. जास्त दाबलं की चिरतं, आणि पाणी तिथूनच उतरतं. वरचं छोटं छत जमिनीवर जोडून मग उचललं. जाळीचे आणि कापडाचे पडदे अर्ध्या तासात लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वापरायला लागल्यावर काही गोष्टी समजल्या. स्वच्छ आकाशाच्या रात्री पत्रा इतका थंड होतो की पहाटे त्याच्या खालच्या बाजूला दव धरतं आणि थेंब पडतात. आम्हाला आधी छत गळतंय असं वाटलं. आता गाद्या रात्री आत घेतो. पावसाचा आवाज मोठा असतो, आईला तो आवडतो, फोनवर बोलणाऱ्याला आवडणार नाही. 50 मिलिमीटर पाऊस पडला की या छतावरून साडेपाचशे लिटर पाणी उतरतं आणि ते चारही कडांना एकाच रेषेत आपटतं. पहिल्याच पावसात ब्लॉकच्या फटींमधली वाळू वाहून गेली. मग कडेखाली हातभर रुंदीची खडीची पट्टी केली, तेव्हा ते थांबलं. वीज कडाडायला लागली की मात्र आईला लगेच घरात आणतो. चहूबाजूंनी उघडं धातूचं छप्पर विजेपासून आसरा देत नाही.

परवा रात्री पुन्हा जोराचा वारा सुटला. मला झोप लागेना. पहाटे थांबल्यावर टॉर्च घेऊन मागे गेले आणि चारही तळपट्ट्यांपाशी वाकून रेघा पाहिल्या. तीन खांबांच्या रेघा जशा ओढल्या होत्या तशाच होत्या. चौथ्याच्या एका नटावर रेघ केसभर सरकलेली होती. पाना आणला, नट जागेवर आणला आणि रेघ पुन्हा पाहिली. उजाडलं तेव्हा आई वॉकर घेऊन दारात उभी होती, बाहेर येऊ का विचारत. मी तिची खुर्ची पुसून ठेवली.